लेमा फिरवून लिहा म्हणे!

गणितातल्या माझ्या पीएचडीचं सिनॉप्सिस, प्रेझेंटेशन, व्हायवा हे सगळं पार पडलं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. माझं दुखणं आहे ते सतरा टक्क्यांचं.

थीसिस जमा करण्याआधी सिमिलॅरिटी रिपोर्ट लागतो, म्हणजे आधी छापलेल्या मजकुराशी तुमचं लिखाण किती टक्के जुळतं त्याचा हिशोब. जुळणारा मजकूर त्यात पिवळा होऊन येतो. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत चालतं. माझे आले १७. संस्था कुठली ते लिहीत नाही. रिपोर्ट देणाऱ्या खिडकीतले काका आमच्या बडोद्याच्या दांडिया बाजारातलेच निघाले. म्हणाले, "ताई, पिवळं झालंय तेवढं फिरवून लिहा, परत काढू." परत नंबर लागायला वीस दिवस!

पिवळं काय, तर व्हॅन डर कोरपुटचा लेमा (लेमा म्हणजे मोठ्या प्रमेयाच्या सिद्धतेत वापरायचं छोटं प्रमेय). माझ्या विषयाचा कणाच तो. हिल्बर्ट ट्रान्सफॉर्म (एका फलनातून इंटिग्रल घेऊन दुसरं फलन काढायची रीत) सरळ रेषेऐवजी बहुपदी वक्रावरून घ्यायचा आणि तो एल-टूमध्ये, म्हणजे ज्यांच्या वर्गाचं इंटिग्रल सांत असतं अशा फलनांवर, बाउंडेड (आटोक्यात) राहतो का ते पाहायचं, हा माझा विषय. पॅराबोलासाठी फेब्स या गणितज्ञाने १९६६ मध्येच 'हो' म्हणून ठेवलंय. फूरिए ट्रान्सफॉर्म (फलन लहरींमध्ये मोडून पाहणं) घेतला की सगळं एका इंटिग्रलवर येतं: ई-चा घात आय गुणिले बहुपदी, भागिले टी. शून्याजवळ धन-ऋण बाजू एकमेकींना खाऊन टाकतात. लांब गेल्यावर बहुपदीचे हेलकावे वाचवतात, आणि किती वाचवतात ते हा लेमा सांगतो. स्टाइन आणि वेंगर यांनी १९७० मध्ये दाखवलं की या इंटिग्रलची मर्यादा फक्त बहुपदीच्या घातावर ठरते, सहगुणक काहीही असोत.

तर मी बसले फिरवायला. "फक्त घातावर अवलंबून" हे पिवळं होतं, म्हणून लिहिलं "बहुपदीवर अवलंबून". टक्का उतरणार, मी खूश. माझ्या गाइड सरांनी वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. "सहगुणक म्हणजे कोण गं इथे?" तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. सहगुणक म्हणजेच फूरिएच्या बाजूचे बिंदू! मर्यादा त्यांच्यावर अवलंबून ठेवली, तर सगळ्या बिंदूंना मिळून एकच मर्यादा कुठून आणणार? एका शब्दासाठी अख्खं प्रमेय मारलं होतं मी. पुढच्या पानावर आणखी एक घोळ: वाक्य सुटसुटीत करताना "पहिला विकलज मोनोटोन" (पहिला डेरिव्हेटिव्ह एकाच दिशेने वाढणारा किंवा घटणारा) ही लेम्याची अटच गळाली होती. दुसऱ्या विकलजापासून पुढे ती लागत नाही, पण पहिल्यावर काम चालवायचं तर ती हवीच, नाहीतर लेमा चक्क खोटा ठरतो. कवितेचं भाषांतर असतं तर फिरवलं असतं हो, पण अट कशी फिरवणार?

दोन्ही पानं पुन्हा जशीच्या तशी केली. मग एका रात्री यूजीसीचे नियमच वाचायला घेतले (हे आधी करायला हवं होतं, तुम्ही करा). त्यात स्पष्ट आहे की सर्वसामान्य संज्ञा, नियम, प्रमाणित चिन्हं आणि समीकरणं तपासणीतून वगळायची. संदर्भसूचीही. माझी सूची तर मोजलीच होती! त्या पानाची प्रिंट काढली, ओळ मीही पिवळीच केली, आणि खिडकीत सरकवली. काकांनी दोनदा वाचली. "हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." सूची आणि लेम्याची विधानं वगळून रिपोर्ट निघाला: ८ टक्के. त्यातले चार माझ्याच छापलेल्या पेपरचे, त्यासाठी सरांचं वेगळं पत्र लागलं. ते आधीच घेऊन ठेवा, मला त्यासाठी पुन्हा फेरी पडली.

आणि हो, झेरॉक्स सकाळीच काढून न्या. दुपारी एक ते चार आपल्याकडे दुकानदार वामकुक्षीला जातो. मी ते तीन तास सेव-उसळ खाऊन काढले.