आमची वाटचाल : बाटली हलवून घ्या

नवीन गिऱ्हाईक आमची बाटली हातात घेतं, उजेडाकडे धरतं आणि पहिलं विचारतं, "तेल वर आलंय की. जुना माल आहे काय?" इतकी वर्षं झाली, माझं उत्तर तेच आहे. तेल वरच येणार. आमच्या व्हिनेग्रेटमध्ये, म्हणजे सॅलडवर घालायच्या ड्रेसिंगमध्ये, घाण्याचं शेंगतेल, उसाचं व्हिनेगर, मोहरी, काकवी, मीठ आणि मिरी आहे. त्यांना एकत्र चिकटवून धरणारं दुसरं काही आम्ही घालत नाही. दहा वेळा हलवा, पिवळंधमक दाट होईल, मग काकडीवर घाला.

या वर आलेल्या तेलावरूनच 2018 साली आमचा धंदा बुडायला आला होता. त्याबद्दल बाजारात जे बोललं गेलं ते अजून अधूनमधून कानावर येतं. म्हणून आमची बाजू एकदा नीट लिहून ठेवते.

सासऱ्यांचा लाकडी घाणा होता. रिफाइंडच्या पिशव्या आल्या तसं घाण्याच्या तेलाचं गिऱ्हाईक आटलं, आणि 2012 च्या सुमारास तो बंद करावा की काय अशी घरात चर्चा सुरू झाली. तेव्हा आमच्याकडून नेहमी तेल नेणारे एक केटरर म्हणाले, "वहिनी, आता लग्नात सॅलडचं काउंटर मागतात. बाहेरची ड्रेसिंगची बाटली परवडत नाही. तुमच्या तेलात काहीतरी करून बघा." मी एका वहीत कृती उतरवून आणली. तीन भाग तेल, एक भाग व्हिनेगर, चमचाभर मोहरीची पेस्ट. माझी थोरली जाऊ, तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो, तिनं ती वाचली आणि म्हणाली, "अगं, ही तर लोणच्याची फेसलेली मोहरी. यात नवीन काय?"

पहिली भागीदार म्हणाल तर अक्का. कागदावर तिचं नाव नंतर आलं, पण चव पहिल्या दिवसापासून तिचीच.

मोहरी फेसणं ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको. मोहरीची पूड करायची, थंड पाणी घालायचं आणि हातानं एकाच दिशेनं फेसत राहायचं. पाणी लागल्याशिवाय मोहरीला तिखटपणा येत नाही. कोरड्या पुडीचा वास घेतला तर काही कळत नाही, पाणी घालून पाच-दहा मिनिटं फेसली की नाकातून डोळ्यांत जाते. पण आंबट आधी घातलं तर हा झणका चढायचा थांबतो. पहिल्या दोन महिन्यांत मी हीच चूक करत होते, पूड थेट व्हिनेगरमध्ये टाकत होते आणि ड्रेसिंग मिळमिळीत का लागतं म्हणून मिरी वाढवत होते. अक्कानं पातेलं माझ्या हातातून काढून घेतलं. आधी पाणी, दहा मिनिटं फेसायची, झणका वर आला की मग व्हिनेगर. आंबटानं तो झणका तिथंच धरून ठेवला जातो. आजही आमच्याकडे हाच क्रम आहे, फक्त फेसायचं काम हातावर राहिलेलं नाही.

तेल-व्हिनेगरला थोडा वेळ एकत्र ठेवते तीही हीच मोहरी. मीठही व्हिनेगरमध्येच विरघळवून घ्यावं, तेलात ते विरघळत नाही, तळाला बसतं. काकवी आम्ही गुऱ्हाळावरून हंगामात एकदम भरून ठेवतो. वहीत तीनास एक होतं, आम्ही अडीचास एकवर आलो. आपली काकडी आणि टोमॅटो पाणी सोडतात, त्यात तीनास एक फिकं पडतं.

सुरुवातीला घरातली कडुलिंबाची रवी आणि पाच लिटरचं पातेलं होतं. मागणी वाढली तसा 40 लिटरचा दुधाचा स्टीलचा कॅन घेतला आणि कोल्हापूरच्या उद्यमनगरात एका मिस्त्रींकडे घेऊन गेले. पंपाची कामं करणारा माणूस. त्यांनी कॅनचं झाकण कापून त्यातून दांडा घातला, खाली चार भोकांचं पातं बसवलं, वर अर्ध्या हॉर्सपॉवरची मोटर. पहिल्या दिवशी तेल भिंतीवर उडालं. मिस्त्री स्वतः येऊन पुली बदलून गेले, वेग निम्म्यावर आणला, पातं तळापासून बोटभर वर घेतलं. पुलीचे पैसे घेतले नाहीत. माल काढायला तळाला त्यांनी पितळी तोटी बसवली होती. आठ दिवसांत तोटीच्या तोंडाशी हिरवट थर दिसला. अक्का मला आणि मिस्त्रींना दोघांनाही बोलली, "कल्हई नसलेल्या भांड्यात ताक कळकतं हे पोरासोरांना ठाऊक असतंय." त्या आठवड्याचा सगळा माल ओतून दिला आणि स्टीलची तोटी बसवली. तो कॅन आजही चालू आहे. मोठी टाकी आली तरी काकवी-मोहरीचं ड्रेसिंग आम्ही त्याच कॅनमध्ये करतो.

याच काळात वस्ताद आले. मंगळवार पेठेतले, तरुणपणी आखाडा गाजवलेले, सत्तरीच्या घरात. सायकल दारात लावून म्हणाले, "डाक्टर म्हंत्यात मटण कमी करा, पालापाचोळा खावा. पालापाचोळा नुसता घशाखाली उतरंना. तुमच्याकडं कायतरी मिळतंय म्हणं." मी काकडी चिरून, वर घालून दिली. उभ्यानं सगळी बशी संपवली. तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सोमवारी ते येतात. सायकलच्या पिशवीत दोन रिकाम्या बाटल्या, धुऊन, उन्हात वाळवून, झाकणं वेगळ्या कागदात गुंडाळलेली. परत भरायला आम्ही जुन्या बाटल्या घेत नाही, नियमात बसत नाही, हे मी त्यांना दहादा सांगितलं. त्यांचं म्हणणं, "काच हाय, टाकायची कशाला." त्या बाटल्या आम्ही घरात वापरतो. माझ्या स्वयंपाकघरात जिरं, ओवा, हिंग सगळं वस्तादांच्या बाटल्यांत आहे.

आता 2018 चं.

सांगली, मिरज, इचलकरंजीला माल देण्यासाठी आम्ही तीन वर्षं एक डिस्ट्रिब्युटर धरला होता. माणूस बोलायला गोड. चाळीसेक दुकानं आणि बारा हॉटेलं त्यानं जोडली, हे त्याचं श्रेय मी नाकारत नाही. मे महिन्याच्या मध्यावर, रविवारी दुपारी, एका हॉटेलातून फोन आला की बाटल्यांची झाकणं फुगलीत आणि एक उडून आचाऱ्याच्या कपाळाला लागलंय. मी गोडाऊनमध्ये पळाले. एप्रिलच्या शेवटच्या बॅचची खोकी उघडली. झाकणं टम्म. एक हळूच सैल केलं तर सोडावॉटरसारखा आवाज आला आणि फेस वर आला. वास आंबूस नव्हता, ताडीसारखा होता.

काकवी आंबली होती. काकवीत साखर, त्यात यीस्ट, वर मे महिन्याची उष्णता. पण पाच वर्षं तीच काकवी वापरत होतो, तेव्हा का नाही आंबली? तिला रोखून धरतं ते व्हिनेगर. आणि व्हिनेगर तर प्रत्येक वेळी मी पीएचच्या पट्टीनं तपासून घेत होते. त्या बॅचलाही पट्टीचा रंग बरोबर आला होता.

शेजारचा एक मुलगा तेव्हा शिवाजी विद्यापीठात रसायनशास्त्रात एम.एस्सी. करत होता. तो म्हणाला, काकू, पट्टीवर जाऊ नका. व्हिनेगरमध्ये निम्मं पाणी घातलं तरी पट्टीचा रंग बदललेला डोळ्यांना कळणार नाही. आंबट आहे एवढंच ती सांगते, किती ताकदीचं आहे ते सांगत नाही. त्यानं ब्यूरेट, म्हणजे थेंबाथेंबानं मोजून सोडायची काचेची नळी, आणली, ओट्यावर स्टँड लावला. पाच मिली व्हिनेगर, थोडं डिस्टिल्ड वॉटर, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब (आंबटपणा संपला की ते गुलाबी होतं), आणि वरून 0.5 नॉर्मलचा, म्हणजे ठरावीक ताकदीचा, कॉस्टिक सोडा थेंबाथेंबानं. चार टक्क्यांचं व्हिनेगर असेल तर 6.7 मिलीच्या आसपास गुलाबी व्हायला हवं. आमचं तीन मिलीला झालं. मी म्हटलं, चुकलं असेल, पुन्हा कर. त्यानं तीनदा केलं. दरवेळी तीन. म्हणजे दोन टक्केसुद्धा नाही. व्हिनेगरच्या कॅनवर चार टक्के छापलेलं, बिलावर चार टक्के लिहिलेलं, आणि आत निम्म्याहून जास्त पाणी. ज्यानं ते पुरवलं त्यानं फोन उचलणं बंद केलं.

त्या बॅचच्या 640 बाटल्या होत्या. मी त्याच रात्री डिस्ट्रिब्युटरला फोन करून सगळा माल उचलायला सांगितलं. 512 बाटल्या परत आल्या, बाकीच्यांचे पैसे दुकानदारांना रोख दिले. आचाऱ्याच्या घरी जाऊन माफी मागितली. चूक माझी होती, कागदावर विश्वास ठेवून माल घेतला ही चूक मी कुणावर ढकलत नाही.

पण पुढं जे झालं ते माझी चूक नव्हती. आमच्या डिस्ट्रिब्युटरनं फुगलेल्या दोन बाटल्या गाडीत ठेवल्या आणि जून-जुलैभर दुकानोदुकानी दाखवल्या. सांगायचा काय, तर "यांच्यात तेल वेगळं होतं, म्हणून माल फुटतो." आमची एक लाख शहाऐंशी हजारांची येणी त्यानं अडकवली, आणि गणपतीच्या तोंडावर स्वतःची बाटली बाजारात आणली. तोच मोहरीचा पिवळा रंग, तीच काकवी-मोहरी, अक्षरांची ठेवणसुद्धा आमची. आमची बाटली 120 रुपयांना, त्याची 95 ला. आत रिफाइंड तेल आणि दाटपणा आणणारा झँथन गम. हलवायला नको, महिनाभर कपाटात ठेवा, एकजीव दिसतं.

गमबद्दल मला वाईट बोलायचं नाही. कायद्याला मान्य आहे, लिटरला दोन-तीन ग्रॅम पुरतो, कुणाला वापरायचा तर वापरावा. पण तेल वर येण्याचा आणि माल आंबण्याचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. तेल पाण्यापेक्षा हलकं म्हणून वर येतं. आंबतं ते ॲसिड कमी पडल्यामुळे. गम घातलेली बाटलीही पातळ व्हिनेगर वापरलं तर तशीच फुगेल, फक्त फुगेपर्यंत सुंदर दिसेल. हे मी चाळीस दुकानांत जाऊन सांगितलं. ब्यूरेट पिशवीत घालून नेली होती. सहा दुकानदारांनी काउंटरवर करून दाखवू दिलं. बाकीच्यांनी चहा पाजला आणि म्हणाले, वहिनी, तुमचं खरं असेल, पण गिऱ्हाईक बाटली बघून घेतं.

घरात तेव्हा बोलणं झालं की आपणही गम घालू. आमचे हे त्याच मताचे होते, आणि हप्ते तेच भरत असल्यामुळे त्यांना दोष देता येत नाही. अक्का उठली, आतून पाटल्या आणून टेबलावर ठेवल्या. "पतसंस्थेत ठेव. पण माझ्या मोहरीत डिंक नको." त्या चार तोळ्यांच्या पाटल्या सोडवायला आम्हाला पावणेतीन वर्षं लागली.

त्या पावसाळ्यात महिन्याला आमच्या साठ-सत्तर बाटल्या जात होत्या. वस्ताद पहिल्या सोमवारी आले तेव्हा मी म्हटलं, तुम्हीही ऐकलं असेल. म्हणाले, "ऐकलं की. तालमीतल्या चौदा पोरांस्नी सांगून आलोय, एकेक घ्या म्हणून. हलवायला मनगाट लागतंय, त्येवढं त्यांच्याकडं हाय." पोरं खरंच आली. त्यातल्या तिघांनी आता स्वतःच्या जिम काढल्यात आणि तिन्ही ठिकाणी आमचा माल जातो.

पुढच्या ऑगस्टमध्ये महापूर आला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला आणि आमचा काचेचा ट्रक पलीकडे अडकून राहिला. तेही निभावलं. त्यानंतरची वर्षं बरी गेली, टाकी आली, चार बायका कामाला आल्या, लसूण-मिरी आणि आमसूल असे दोन प्रकार वाढले.

नव्यानं हा धंदा करणाऱ्या मुली फोन करतात, त्यांना सांगते तेच इथं लिहिते. व्हिनेगरच्या प्रत्येक कॅनमधून पाच मिली काढा आणि स्वतः मोजा, कागद कितीही चांगला असो. त्या कॅनचा नमुना बाटलीत बॅच नंबर घालून सहा महिने ठेवा. पुरवठादाराशी भांडायची वेळ आली तेव्हा माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं. डिस्ट्रिब्युटरला दीड महिन्याच्या वर उधारी नको. आणि घरी करणाऱ्यांनी ओली लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवू नये, हे कळकळीनं सांगते. तेलाखाली हवा नसते, तिथं बोटुलिझमचे, म्हणजे जीवघेण्या विषबाधेचे, जंतू वाढू शकतात, आणि त्याचा वास येत नाही, चवही कळत नाही. लसणीचं करायचं तर थोडं करा, फ्रिजमध्ये ठेवा, तीन-चार दिवसांत संपवा. फ्रिजमध्ये शेंगतेल गढूळ होतं, घट्टही होतं, त्यानं घाबरू नका, पंधरा मिनिटं बाहेर ठेवलं की नितळतं. पालेभाजी धुतल्यावर फडक्यावर कोरडी करा. ओल्या पानावर ड्रेसिंग टिकत नाही, सगळं बशीच्या तळाशी जातं आणि मग लोक आम्हाला पातळ म्हणतात.

मागच्या महिन्यात पुण्याच्या एका साखळी दुकानाचा माणूस येऊन गेला. माल आवडला, दर आवडला. म्हणाला, तेल वेगळं दिसलं नाही तर महिन्याला पन्नास पेट्या घेतो. अक्काचे आता गुडघे दुखतात, ती खुर्चीवर बसून ऐकत होती. तिनं शेल्फवरची बाटली घेतली, दहा वेळा हलवली आणि त्याच्या हातात दिली. तो दोन बाटल्या विकत घेऊन गेला. पन्नास पेट्यांचा फोन अजून आलेला नाही.

आज सोमवार. वस्तादांच्या दोन बाटल्या काढून ठेवल्यात. व्हिनेगरचे सहा नवीन कॅन सकाळी उतरले, पाच 6.7 ला गुलाबी झाले, सहावा 6.1 ला. तो परत पाठवला.