पार्टोग्राफवरचा रिकामा चौकोन

१५ मार्च २०२३, बुधवार. जुन्या पेन्शनसाठी राज्यभर पुकारलेल्या संपाचा दुसरा दिवस. कोल्हापूर जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरभागातल्या आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सकाळी आठला डॉक्टर, एक आशाताई आणि मी, एवढेच होतो. कायम नोकरीतल्या दोन्ही सिस्टर, औषध निर्माण अधिकारी, शिपाई, सगळे संपावर. मी कंत्राटी सिस्टर. अकरा महिन्यांची ऑर्डर, एक दिवसाचा ब्रेक, की पुन्हा ऑर्डर. मानधन वीस हजार; तेच काम करणाऱ्या कायम सिस्टरचं मूळ वेतनच ३५,४०० पासून सुरू होतं. तरीही त्यांचा संप मला चुकीचा वाटला नाही, आजही वाटत नाही. जुन्या योजनेत शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन ठरलेली. १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना ती नव्हती; त्यांना म्हातारपणी महिन्याला किती मिळणार, हे कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं.

सोमवारी संध्याकाळी औषध निर्माण अधिकाऱ्यांनी किल्ल्या देताना आयएलआर, म्हणजे लसी ठेवायचा फ्रिज, समजावून सांगितला होता. तापमान २ ते ८ अंश, सकाळ-संध्याकाळ वाचून वहीत लिहायचं. लाईट गेली तर झाकण उघडायचं नाही. गारठा जास्त झाला तर नुकसान मोठं, कारण एकदा गोठून वितळलेली पेंटाव्हॅलंट लस नुसती बघून ओळखता येत नाही. त्या दिवशी काटा ५ वर होता. उपकेंद्राचं लसीकरण डॉक्टरांनी पुढं ढकललं, ते बरोबरच केलं. बीसीजी आणि एमआरची (गोवर-रुबेला) कुपी एकदा विरघळवली की चार तासांत वापरावी लागते, आणि टोचल्यावर बाळांना अर्धा तास थांबवून बघायला माणूस लागतो. कुत्रा चावलेल्या पोराचा तिसऱ्या दिवसाचा डोस मात्र ढकलता येत नाही.

साडेदहाला बाळंतपणाची पेशंट आली. दुसरी खेप. सासू दारातच म्हणाली, "सिस्टर, संप हाय म्हनं. मग आमच्या सुनंचं कसं वो?" मी म्हटलं, "मावशी, मी हाय न्हवं."

अकराला तपासलं तेव्हा पिशवीचं तोंड सहा सेंटिमीटर उघडलेलं, बाळाचे ठोके १३८. तिचा पार्टोग्राफ, म्हणजे बाळंतपण कसं पुढं सरकतंय ते नोंदवायचा तक्ता, मी इथून सुरू केला. दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके आणि दहा मिनिटांतल्या कळा मोजून चौकोनात भरायच्या. साडेअकराला ते कुत्रा चावलेलं पोरगं आलं. दोन्ही दंडांत कातडीखालच्या थरात ०.१ मिली, मग पायाची जखम. मी परत आले तेव्हा अकरा पन्नास झाले होते. साडेअकराचा चौकोन रिकामा राहिला. ठोके १४० होते, म्हणून निभावलं. कळेनंतर ते शंभरपर्यंत घसरले असते तर वीस मिनिटं कुणाला पत्ता लागला नसता.

एक वाजून वीस मिनिटांनी बाळ आलं, आणि रडलं नाही.

बाळंतपणाला एक सिस्टर पुरत नाही ती याच मिनिटासाठी. आईचं पोट चाचपून आत दुसरं बाळ नाही याची खात्री करायची आणि मिनिटाच्या आत मांडीत १० युनिट ऑक्सिटोसिन द्यायचं, म्हणजे पिशवी आवळते आणि रक्त थांबतं. त्याच मिनिटात बाळ कोरडं करायचं, पाठ चोळायची, तरी श्वास नसेल तर नाळ कापून वॉर्मरवर न्यायचं, आधी तोंड मग नाक साफ करायचं, मान किंचित मागं करायची आणि बॅग-मास्कनं श्वास सुरू करायचा. दोन्ही कामांना घड्याळ एकच, आणि हात माझे दोनच. आशाताई डॉक्टरांना बोलवायला ओपीडीकडं पळाली. मी बाळ उचललं. मास्क नाका-तोंडावर घट्ट बसला आणि छाती उचलताना दिसली, तेव्हाच हवा आत जातेय हे कळलं. ती उचलली नसती तर मान पुन्हा नीट करावी लागली असती. मिनिटाला चाळीस ते साठ या लयीत दाबत होते. साधारण मिनिटभरानं ते कण्हलं, मग रडलं.

डॉक्टरांनी आईला इंजेक्शन दिलं ते तिसऱ्या मिनिटाला. सिरिंज मी आधीच भरून ट्रेमध्ये ठेवली होती; तीही फ्रिजमधून काढून भरायची असती तर आणखी उशीर झाला असता. वार पूर्ण आली, पण पिशवी मऊ लागत होती. चोळल्यावर घट्ट झाली. रक्तस्राव चारशे मिलीच्या आसपास. पाचशेच्या वर गेला असता तर १०८ मधून कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयात न्यावं लागलं असतं, आणि आमच्याकडून कोल्हापूर म्हणजे घाट धरून दीड तास. पुढचे दोन तास दर पंधरा मिनिटांनी नाडी, बीपी, रक्तस्राव. बाळ २ किलो ७००.

संप २० मार्चला मागे घेतला आणि सगळे कामावर आले. त्यानंतर मी फेब्रुवारीतले पार्टोग्राफ काढून बघितले. संप नव्हता, तरी रात्रीच्या बाळंतपणांत असेच चौकोन रिकामे. काही माझे, काही कायम सिस्टरांचे. आठवड्याच्या पाळ्या एकवीस आणि एकीच्या वाट्याला सहा, म्हणजे पाळीला एकच सिस्टर ठेवायची तरी साडेतीन जणी हव्यात. त्यात रजा, ट्रेनिंग, आजारपण धरलेलं नाही. आम्ही तिघी. पाळीला दोघी हव्यात तर सात. संपाच्या दिवशी रिकाम्या खुर्च्या सगळ्यांना दिसल्या. रोज रात्री दुसरी खुर्चीच नसते.

तेव्हापासून आठ सेंटिमीटर झाले की मी डॉक्टरांना उठवते, बॅग-मास्क जोडून ठेवते. चौकोन रिकामा राहिलाच तर त्यात वेळ आणि कारण लिहिते: "एकटी, ड्रेसिंग सुरू." दोघी सिस्टरही आता तसंच लिहितात. रिक्त पदांची माहिती मागवली जाते तेव्हा डॉक्टर त्या कागदांच्या झेरॉक्स जोडून पाठवतात.