उभा उतार, थार आणि भरतीचा हिशेब

ज्या धक्क्यावरून थारने ट्रेलर मागे नेऊन होडी खाडीत उतरवतो, त्याचा उतार पाऊस सरल्यावर फळी, पाणसळ आणि टेप घेऊन मोजला. ६ फुटांना १ फूट, म्हणजे साडेनऊ अंशांच्या आसपास. आकडा ऐकायला किरकोळ. पण थार पावणेदोन टनांची, होडी-मशीन-ट्रेलर मिळून ७०० किलो. एवढं वजन नुसतं जागेवर धरायलाच ४०० किलोची ओढ लागते. त्यात उताराचा खालचा अर्धा भाग शेवाळाने हिरवा.

या हंगामात एक गोष्ट मनात पक्की झाली. इथे फोर बाय फोर ताकदीसाठी लागत नाही, पुढच्या चाकांसाठी लागते. मागची चाकं शेवाळावर असताना पुढची कोरड्या सिमेंटवर असतात, होडी वर आणतात ती हीच. हँडब्रेकचंही तसंच. तो धरतो मागच्या चाकांना, आणि शेवाळावर जाम झालेलं चाकही खुशाल घसरतं. फोर-लो (चारही चाकांना जोर, सगळ्यात सावकाश गिअर) टाकून गाडी गिअरमध्ये ठेवली की पुढची चाकंही अडतात. तरी पुढच्या चाकांमागे लाकडी ठोकळे लागतातच. ठोकळ्यांची दोरी बंपरला बांधली की गाडी निघताना ते मागोमाग येतात, उचलायला कोणी वाकायचं नाही.

खाली जाताना फोर-लो, रिव्हर्स, क्लच पूर्ण सोडलेला. वर सपाटीला आलं की वळण्याआधी टू-हाय (फक्त मागच्या चाकांना जोर), नाहीतर कोरड्यावर गाडी अडखळते.

मात्र पुढची चाकं कोरडी राहणार की नाही, हे गाडी नाही, भरती ठरवते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते : चतुर्थीला ३, अष्टमीला ६. हिशेब मुंबईचा, दाभोळकडे पाणी थोडं आधी भरतं. पुनवेला-अवसेला भरती दुपारच्या सुमाराला, म्हणून सकाळी दहाला पाण्यात आणि दोनच्या आत बाहेर. उधाणाच्या ओहोटीला तर नकोच : पाणी सिमेंटच्या टोकाखाली जातं, ट्रेलरचं चाक कडेवरून उतरलं की फोर-लोसुद्धा हात टेकते. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी कमी हलतं, घाई नसते. आणि मासळी उतरत असेल तर आपण थांबायचं. धक्का कोळ्यांच्या पोटाचा, आपला छंद.

होडी चढवताना उभ्या उतारावर ट्रेलर फार खोल घालायचा मोह होतो. मडगार्ड जेमतेम भिजेल एवढंच पुरे. जास्त खोल गेलं की होडी रोलरवर बसतच नाही, वर तरंगत राहते आणि ओढताना तिरकी बसते. नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, रोलरला टेकेपर्यंत विंच (पट्टा ओढणारी चरखी) फिरवली तरी वर आल्यावर बोटभर फट दिसतेच, कारण तरंगणारी पिछाडी खाली बसते. सपाटीवर पुन्हा दोन-चार फेरे मारले की फट मिटते. उतरवताना याच्या उलट : पिछाडी तरंगल्याशिवाय विंचचा पट्टा सोडायचा नाही, नाहीतर होडी रोलरवरून थेट सिमेंटवर.

ट्रेलरच्या चाकांच्या बेअरिंगसाठी धक्क्यावर पोचल्यावर अर्धा तास थांबतो. गरम हब खाऱ्या पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढलं जातं. तेवढ्या वेळात ट्रेलरच्या दिव्यांची पिन काढायची, होडीचं बूच घट्ट आहे ना ते बघायचं.

आता ट्रेलरच्या दोन्ही बाजूंना उभे पाईप लावायचे आहेत. दुपारनंतर आडवा वारा सुटतो आणि पिछाडी ढकलतो. जस्ताचा मुलामा दिलेले पाईप घ्यायचे की पीव्हीसी चढवलेले, यावर कोणाचा अनुभव असेल तर सांगा.