सात नंबरच्या खुर्चीतून पाहिलेला शेवटचा सामना

हिरवी टोपी, पुढची पट्टी पिवळी. २६ सप्टेंबर २०२४, गुरुवार. सकाळी साडेअकराला माझे पेशंट काका ती टोपी घालूनच वजनकाट्यावर चढले. एरवी जाकीट, किल्ल्या, पाकीट सगळं काढून ठेवणारा माणूस. मी टोपीकडे पाहिलं तसे म्हणाले, "आज काढणार नाही." मंगळवारपेक्षा तीन किलो जास्त भरले. मी आकडा लिहून घेतला आणि त्यांना सात नंबरच्या खुर्चीत बसवलं.

कॅलिफोर्नियातल्या ओकलंडजवळच्या एका डायलिसिस केंद्रात मी नर्स आहे. मूळची मिरजेची, २००० पासून फ्रीमाँटला राहते. आमच्याकडे पेशंटच्या दोन फळ्या असतात, सोमवार-बुधवार-शुक्रवारवाले आणि मंगळवार-गुरुवार-शनिवारवाले. एकदा तुमचे दिवस ठरले की मग सण असो, लग्न असो, त्या दिवशी चार तास खुर्चीत. काका गुरुवारवाले. आणि त्या गुरुवारी दुपारी बारा सदतीसला ओकलंड ॲथलेटिक्स या बेसबॉल संघाचा कोलिझियम मैदानावरचा शेवटचा सामना होता. त्यानंतर संघ शहर सोडणार होता. तीन वर्षं सॅक्रामेंटोला, पुढे २०२८ला लास वेगास.

काकांकडे दोन तिकिटं होती. ऑगस्टमध्येच त्यांनी मला विचारलं होतं, "बुधवारी एखादी खुर्ची?" बुधवारच्या सगळ्या खुर्च्या भरलेल्या. मग खूप वेळाने, हळूच, "आणि एक दिवस चुकवला तर?" मी खोटं बोलू शकले नाही. मंगळवार ते शनिवार म्हणजे चार दिवस. आधीच्या वर्षी एकदा चुकवलं तेव्हा छातीत पाणी भरून अतिदक्षता विभागात गेले होते. त्यांनी मान हलवली. तिकिटं नातीला दिली.

फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसच्या सुयांसाठी धमनीला जोडलेल्या हातातल्या शिरेवर, स्टेथोस्कोप ठेवला. घूं घूं, छान जोरात. हा आवाज रोज ऐकावा लागतो. तो बारीक होत गेला आणि कुणी लक्ष दिलं नाही की एके दिवशी शीर बंद पडते. मग सगळे म्हणतात, शीरच खराब होती. पंचवीस वर्षं हे काम करते आहे. आपणहून खराब झालेली शीर आणि कुणी न बघितल्यामुळे खराब झालेली शीर यांतला फरक मला कळतो. आमच्या संघाबद्दल मला हेच म्हणायचं आहे, आणि त्या दिवशी काकांशीही मी तेच बोलले.

"लोक येत नव्हते म्हणून संघ गेला" हे वाक्य मला सहन होत नाही. १९९० साली या कोलिझियमवर वर्षभरात सुमारे २९ लाख माणसं आली होती. शहर तेच, मैदान तेच, लोकलचं स्टेशन तेच. २०२२ला आठ लाखसुद्धा आली नाहीत. मधे काय झालं?

काका त्या मधल्या काळाचे साक्षीदार. ईस्ट ओकलंडमध्ये वाढलेले, संघ १९६८ला आला तेव्हा बारा वर्षांचे. वडील गोदीत कामाला. त्याच वर्षी ८ मे रोजी कॅटफिश हंटरने परफेक्ट गेम टाकला, म्हणजे समोरच्या संघाचा एकही माणूस पहिल्या बेसपर्यंत पोचला नाही. मैदानावर जेमतेम सहा हजार लोक होते. "आता ओकलंडमधला प्रत्येक म्हातारा सांगतो की मी तिथे होतो," काका म्हणाले. "मी नव्हतो. वडिलांची रात्रपाळी होती. रेडिओवर ऐकला."

सुया लावताना त्यांचं लक्ष दुसरीकडे असलेलं बरं, म्हणून मी मुद्दाम विचारलं, "फिन्ली चांगला की वाईट?"

चार्ली फिन्ली म्हणजे ज्याने संघ ओकलंडला आणला तो मालक. शिकागोचा विमा व्यावसायिक. संघ मुळात फिलाडेल्फियाचा, १९०१ पासूनचा. १९५५ला कॅन्सस सिटीला गेला आणि तिथून फिन्लीने इकडे आणला. त्याच्या काळात १९७२, ७३, ७४ अशी लागोपाठ तीन वर्षं वर्ल्ड सीरिज, म्हणजे मोसमाच्या शेवटची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. आणि त्यानेच ते सोनं उधळलं. हंटरच्या करारातले विम्याच्या योजनेचे पैसे भरले नाहीत. विमावाल्याने! लवादाने हंटरला मोकळं केलं, तो न्यूयॉर्कला गेला. १९७६ला व्हाइडा ब्लू, रोली फिंगर्स आणि जो रूडी या तिघांना पैसे घेऊन विकायला काढलं, तेव्हा बेसबॉलच्या कमिशनरनेच तो सौदा रद्द केला. १९७९च्या एप्रिलमध्ये एका रात्री अधिकृत आकडा होता ६५३ प्रेक्षक.

"वाईट," काका म्हणाले. मग थांबून, "पण त्याने आणला म्हणून आम्हाला मिळाला."

मग १९८० साली लिव्हाय स्ट्रॉस कंपनीच्या हास कुटुंबाने संघ घेतला, १ कोटी २७ लाख डॉलरला. काकांचा आवाज इथे नेहमी बदलतो. वॉल्टर हास यांनी संघ शहराची ठेव समजून सांभाळला. रिकी हेंडरसन आमच्याच ओकलंडमध्ये वाढलेला पोरगा. १९८२ला त्याने एका मोसमात १३० बेस चोरले, म्हणजे चेंडू मारला गेला नसताना पळून पुढचा बेस गाठला. आधुनिक बेसबॉलमधला तो विक्रम अजून उभा आहे. १९८९ला वर्ल्ड सीरिज जिंकली, तीसुद्धा खाडीपलीकडच्या सॅन फ्रान्सिस्को जायंट्सला हरवून, आणि मधे १७ ऑक्टोबरचा भूकंप. १९९५ला हास यांनी संघ कमी किमतीत विकला, कारण घेणाऱ्याने तो ओकलंडमध्येच ठेवावा अशी त्यांची इच्छा होती. हास त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वारले.

मालक बदलला की संघाची नाडी बदलते, हे मिरजेत वाढलेल्या मला आधी समजतच नव्हतं. रणजीचा मुंबईचा संघ कुणी उचलून दुसऱ्या राज्यात नेऊ शकत नाही. पुण्याने आयपीएलचे दोन संघ गमावले, पण एक तीन मोसम खेळला, दुसरा दोन. लोकांनी अजून नीट जीव लावलाही नव्हता. ओकलंडचे झाले ५७ मोसम. काकांच्या घरात तीन पिढ्या.

टीव्हीवर सामना सुरू झाला. मानाचा पहिला चेंडू रिकी हेंडरसन आणि संघाचा जुना पिचर डेव्ह स्टुअर्ट यांच्या हस्ते. दोघेही ओकलंडचेच. मी काकांच्या टीव्हीचा आवाज वाढवला. दोन नंबरच्या आजींनी कानातलं काढून आमच्याकडे बघितलं आणि स्वतःच्या टीव्हीवर तेच चॅनल लावलं. थोड्या वेळाने पाच खुर्च्यांवर तोच हिरवा रंग दिसत होता.

मी स्वतः या संघात अडकले ती ४ सप्टेंबर २००२ला. त्या दिवशी ॲथलेटिक्स सलग विसावा विजय मिळवायला खेळत होते, समोर कॅन्सस सिटी, म्हणजे ज्या गावाला याच संघाने सोडलं होतं त्या गावाचा नंतरचा संघ. सहकारी नर्स ओढून घेऊन गेली. मला नियमही माहीत नव्हते. ११-० अशी आघाडी पाहता पाहता ११-११ झाली. शेजारचा अनोळखी माणूस डोकं धरून बसला होता. आणि नवव्या इनिंगमध्ये स्कॉट हॅटेबर्गने होमरन मारून सामना जिंकून दिला. पंचावन्न हजार माणसांमध्ये त्या अनोळखी माणसाने मला मिठी मारली. नवीन देशात, नवऱ्याशिवाय माझं कुणी नव्हतं तेव्हा.

पुढे २००६ला संघाने आमच्या फ्रीमाँटमध्ये नवं मैदान बांधायचं जाहीर केलं. आमच्या गल्लीत दोन तट पडले. अर्ध्यांना गाड्यांची गर्दी नको होती. मी आनंदाने वेडी झाले होते. २००९ला ते बारगळलं. मग सॅन होजे. तिथे जायंट्सचा प्रादेशिक हक्क, म्हणजे त्या भागात दुसऱ्या संघाला येऊ न देण्याचा हक्क, आडवा आला, आणि तो हक्क १९९०च्या सुमारास हास यांनीच एकही पैसा न घेता दिलेला! चांगुलपणाची अशी किंमत. मग कॉलेजशेजारची जागा, मग बंदरातली जागा. प्रत्येक वेळी नकाशे, रंगीत चित्रं. आम्ही प्रत्येक वेळी विश्वास ठेवला.

मैदानाची दुर्दशा एकट्या मालकाने केली असं मी म्हणणार नाही. कोलिझियम शहराचं आणि काउंटीचं होतं. नव्वदच्या दशकात अमेरिकन फुटबॉलच्या रेडर्स संघासाठी सार्वजनिक पैशातून जी प्रचंड भिंतीसारखी गॅलरी उभारली, तिने पूर्वेच्या टेकड्या दिसेनाशा झाल्या. काकांना त्या टेकड्यांचं दुःख अजून आहे. २०१३ला गटाराचं पाणी खेळाडूंच्या खोल्यांत शिरलं. पण चांगले खेळाडू एकामागून एक दुसऱ्यांना देऊन टाकणं, सीझन तिकिटांचे दर वाढवणं आणि मग रिकाम्या खुर्च्यांकडे बोट दाखवणं, हे गटाराने केलं नाही. २०२२च्या मार्चमध्ये मॅट ओल्सन आणि मॅट चॅपमन गेले, डिसेंबरमध्ये शॉन मर्फी. २०२३ला संघ ११२ सामने हरला. मी आमच्या केंद्रात दर पाळीआधी पाण्यातलं क्लोरीन तपासून घेते. आठवडाभर ते तपासलं नाही आणि नंतर म्हटलं की पेशंटच नाजूक होते, तर मला कुणी कामावर ठेवेल?

१३ जून २०२३च्या मंगळवारी लोकांनी उलटा बहिष्कार केला. म्हणजे बहिष्कार म्हणून घरी बसायचं नाही, सगळ्यांनी यायचं. मी ड्युटी संपवून तशीच स्क्रबमध्ये गेले. २७,७५९ माणसं, ‘सेल’ लिहिलेले हिरवे टी-शर्ट, ढोल. संघ विका, एवढंच मागणं. आम्ही जिंकलो, सलग सातवा विजय. त्याच आठवड्यात नेवाडाच्या विधिमंडळाने नव्या मैदानासाठी ३८ कोटी डॉलरपर्यंतचा सरकारी पैसा मंजूर केला. नोव्हेंबरमध्ये सगळ्या तीस संघांच्या मालकांनी स्थलांतराला एकमताने हो म्हटलं. तीसपैकी एकालाही नाही म्हणावंसं वाटलं नाही. हा माझा राग अजून गेलेला नाही.

नववी इनिंग सुरू झाली तेव्हा काकांच्या मशीनचा अलार्म वाजला. रक्तदाब ८४ वर ५०. चेहरा राखाडी, कपाळावर घाम. मी खुर्ची मागे पाडली, पाय वर केले, पाणी काढणं थांबवलं, सलाइनची कळ उघडली. "काका, माझ्याकडे बघा." (हो, घाईत मी मराठीतच बोलले.) त्यांनी उजव्या हाताने मला बाजूला सारलं. मी टीव्हीच्या आड आले होते. मी गुडघ्यावर बसले, कफ पुन्हा फुगवला आणि तिथूनच मान वळवून पाहिलं. आघाडी आमचीच होती. शंभर मैलांच्या वेगाने टाकणारा मेसन मिलर. टेक्ससच्या फलंदाजाचा चेंडू जमिनीवरून तिसऱ्या बेसकडे, तिथून पहिल्याकडे. संपलं. ३-२.

रक्तदाब ९८. मग १०६.

मैदानावरून कुणीच हलत नव्हतं. ४६,८८९ माणसं. मॅनेजर मार्क कॉट्से मधे उभं राहून बोलत होते आणि लोक शहराचं नाव घेत होते, पुन्हा पुन्हा. काकांचा फोन वाजला, नात. ती काही बोललीच नाही. तिने फोन नुसता हवेत धरला असावा. एकाच वेळी टीव्हीतून आणि फोनमधून तोच आवाज, फोनमधला किंचित आधी. काकांनी टोपी काढली आणि छातीवर धरली. दोन नंबरच्या आजी रडत होत्या. मी अजून गुडघ्यावरच होते, मला उठवेना.

शनिवारी नात त्यांच्यासोबत आली. हातात सोड्याचा कागदी पेला, वर नॅपकिन बांधलेला. मैदानाची माती. ग्राउंड्समननी लोकांना वाटली होती. काकांना ती खुर्चीजवळ हवी होती. मला नाही म्हणावं लागलं. जिथे सुया टोचतो तिथे माती आणता येत नाही. पण मी घट्ट झाकणाची एक नवी निर्जंतुक डबी आणली, नातीने बाहेर प्रतीक्षागृहात माती तीत ओतली, मी बाहेरून पुसली. मग खुर्चीशेजारच्या टेबलावर ठेवू दिली. डबीच्या लेबलवर दोनच रकाने होते, नाव आणि तारीख. काकांनी नावाच्या जागी ‘ओकलंड’ लिहायला सांगितलं.

डिसेंबरमध्ये रिकी हेंडरसन गेला. ती बातमी मी काकांना सांगितली नाही, त्यांना आधीच कळली होती.

२०२५च्या १२ जूनला त्याच कोलिझियमवर मेजर लीग क्रिकेटचा सामना झाला. नवरा आणि मुलगा दोघांनी हट्ट धरला. लोकलच्या स्टेशनवरून जाणारा तोच लांब पूल, पण आता पुलावर मराठी, तेलुगू, पंजाबी ऐकू येत होतं. फिन ॲलनने १९ षटकार मारले, टी-ट्वेंटीतला विश्वविक्रम. मुलगा नाचत होता. मी काकांनी सांगितलेला विभाग शोधून तिथे थोडा वेळ बसून आले. तिथून टेकड्या दिसत नाहीत, ते खरं आहे.

शनिवारी सुई लावताना काकांनी सामन्याचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "गवत कसं होतं?"

"हिरवं. नुकतं कापलेलं."

"पाणी घालतात?"

"घालतात, काका."

त्यांनी हात सैल सोडला. मी स्टेथोस्कोप फिस्टुलावर ठेवला.