जळालेल्या बॅगा आणि उरलेलं कापड

काल कपाट आवरताना आईच्या जुन्या साड्यांचं गाठोडं सापडलं, गोधडीसाठी ठेवलेलं, आणि मला एकदम बर्बरी आठवली. हसू नका. या लंडनच्या महागड्या फॅशन कंपनीने २०१७-१८ या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पाउंडांचा न खपलेला माल नष्ट केला, म्हणजे कपडे, बॅगा, परफ्यूम, सगळं चांगलं कोरं करकरीत. का, तर सेलमध्ये स्वस्तात गेलं की ब्रँडची किंमत उतरते! वर म्हणे जाळताना निघालेली ऊर्जा आम्ही वापरली. वा रे वा. बोंबाबोंब झाली तेव्हा सप्टेंबर २०१८मध्ये हे बंद करतो म्हणून जाहीर केलं, आणि फ्रान्सने तर पुढे कायदाच केला, २०२२पासून न विकलेले कपडे जाळायचे नाहीत, पुरायचे नाहीत.

सगळेच तसे नाहीत हां. एर्मेस या फ्रान्सच्या महागड्या ब्रँडचं 'पती आश' नावाचं वर्कशॉप आहे, तिथे उरलेलं चामडं, रेशमाचे तुकडे, डागी कप-बश्या घेऊन कारागीर त्यातून भलतंच काहीतरी नवं बनवतात. लुई व्हिताँ ज्यांचा ब्रँड आहे त्या एलव्हीएमएच कंपनीने २०२१मध्ये 'नोना सोर्स' काढलं, मोठ्या ब्रँडचं पडून राहिलेलं कापड तिथे छोट्या डिझायनरना कमी भावात मिळतं. मला हे आवडलं, पण पर्यावरणावरचा खरा भार दुकानात नसतोच, तो असतो मागे, गुरं पाळण्यात, चामडं कमावण्यात, कापूस पिकवण्यात, आणि तिथलं काचेच्या शोकेसमध्ये काय दिसणार?

आई म्हणाली, गाठोडं जागेवर ठेव.