'झुनी स्टाइल' म्हणजे झुनी नव्हे

ग्रँड कॅन्यनवर मी काही लिहीत नाही, फोटो सगळ्यांनी बघितलेत. परतताना न्यू मेक्सिकोत गॅलपला मुक्काम केला आणि तिथे रस्त्याकडेच्या एका दुकानात मी 60 डॉलरला सूर्याच्या चेहऱ्याचं पेंडंट घेतलं, निळं-लाल-काळं-पांढरं, कार्डावर 'झुनी स्टाइल' छापलेलं. झुनी म्हणजे तिथली एक मूळ अमेरिकन जमात.

दुसऱ्या दिवशी झुनी पुएब्लोला, म्हणजे त्यांच्याच गावी, एका कारागीर बाईंच्या घरी गेलो. त्यांनी माझं पेंडंट उलटंसुलटं करून बघितलं आणि हळूच सांगितलं, हे प्लास्टिक आहे. मला इतकं वाईट वाटलं, पैशांचं नाही, ते त्यांच्या नावावर विकलं जातंय त्याचं. 1990 चा कायदा आहे, बनावट माल मूळ अमेरिकन लोकांचा म्हणून विकणं गुन्हा आहे, आणि तरी हे 'स्टाइल' लिहून मोकळे!

मग त्यांनी काम दाखवलं. चांदीच्या पत्र्यावर चांदीच्याच पातळ पट्ट्या उभ्या झाळून कप्पे केलेले, आणि प्रत्येक कप्प्याच्या मापाचा दगड घासायचा. पिरोजा, पोवळं, शिंपला, आणि काळा जेट, जो कोळशाचाच प्रकार, हातात घेतला तर वजनच लागत नाही. काडीच्या टोकाला तांदळाएवढा जेट चिकटवून बाई तो घासायच्या ओल्या चाकाला जरासा लावायच्या, कप्प्यात बसवून बघायच्या, परत चाक. सात-आठ वेळा. शेवटी बसला तेव्हा मी वरून नख फिरवलं, कुठेच अडकलं नाही. काही कामात तर मध्ये चांदीची पट्टीही नसते, दगडाला दगड भिडवलेला.

आणि आपण याला चांदीकाम म्हणतो, पण चांदी इथे उशिरा आली, 1872 च्या सुमारास लान्यादे नावाचा झुनी माणूस शेजारच्या नवाहो जमातीच्या एका कारागिराकडून शिकला तेव्हा. जडवायची कला त्याच्या कितीतरी आधीची, जवळच्या हाविकू या जुन्या झुनी गावाच्या उत्खननात पिरोजा आणि जेट जडवलेल्या फण्या मिळाल्यात. शिंपले कॅलिफोर्नियाच्या आखातातून यायचे, या वाळवंटात! पोवळं मात्र भूमध्य समुद्रातलं, आपल्याकडे सोनार विकतात तेच.

फोटो काढले नाहीत, तिथे परवानगी लागते आणि ते बरोबरच आहे. एक छोटी अंगठी घेतली, आतून त्यांची सही कोरलेली. आईला व्हिडिओ कॉलवर दाखवली तर तिचा पहिला प्रश्न, "पोवळं खरं आहे ना गं?"

म्हटलं, आई, माझ्यासमोर घासलंय.