तुम्ही विचारलंत म्हणून: कंपनीचं ठरलेलंच असतं, मग ओआरला (कर्मचाऱ्यांच्या निवडून दिलेल्या परिषदेला) विचारतात कशाला?

नेदरलँड्समध्ये आइंडहोवन किंवा आम्स्टरडॅमच्या एखाद्या कंपनीत नोकरी करणारी मराठी मंडळी ओआरवर निवडून आली, की थोड्याच दिवसांत हा प्रश्न घेऊन येतात. जोडीला दुसराही असतो: यात वकिलाचं काय काम?

शंका भारतातून आलेली आहे आणि ती रास्तच आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातली वर्क्स कमिटी सलोखा राखण्यापुरती होती. तिचं मत मानलं नाही म्हणून मालकाला कोर्टात खेचायची सोय त्यात नव्हती. नेदरलँड्सच्या ओआरला, म्हणजे ओंडरनेमिंग्सराडला, ती आहे. सध्याचा कायदा १९७१ चा. ५० किंवा जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला ओआर स्थापन करावीच लागते. ती युनियन नव्हे. पगाराचे करार युनियन करते. ओआर कर्मचाऱ्यांनी आपल्यातूनच निवडलेली असते. १०० ते २०० माणसांच्या कंपनीत सात सदस्य.

अधिकार मुख्यतः दोन. कामाच्या वेळा, रजा, कर्मचाऱ्यांवर पाळत ठेवू शकणारी यंत्रणा अशा नियमांना ओआरची संमती लागते. ती न घेता नियम लावला, तर ओआरने एक महिन्याच्या आत लेखी कळवायचं की हा निर्णय आम्ही रद्दबातल ठरवतो. हा महिना हुकला की हक्क गेला. प्रकरण सरळ असतं, त्यावर जास्त लिहीत नाही.

खरी मारामारी दुसऱ्या अधिकारावर, म्हणजे याच कायद्याच्या कलम २५ मधल्या सल्ल्यावर. विभाग बंद करणं, काम बाहेर देणं, स्थलांतर, कंपनीची विक्री, मोठी गुंतवणूक यांवर कंपनीने ओआरचा सल्ला मागायचा असतो, आणि तोही अशा वेळी की सल्ल्याने निर्णय बदलू शकेल. लग्नपत्रिका छापून झाल्यावर मुलीला पसंती विचारली तर ते चालत नाही. कंपनीच्या मागणीपत्रात, म्हणजे सल्ला मागणाऱ्या पत्रात, कारणं, कर्मचाऱ्यांवर होणारे परिणाम आणि त्यावरचे उपाय असायलाच हवेत. ‘हेड ऑफिसने अमेरिकेत ठरवलं, आमच्या हातात काही नाही’ हे उत्तर बहुतेक वेळा टिकत नाही. तिकडचा निर्णय इथे राबवायचं ठरवणं हासुद्धा निर्णयच असतो.

सल्ला द्यायला कायद्याने दिवस ठरवून दिलेले नाहीत, मुदत वाजवी हवी एवढंच. म्हणून कंपनी दोन आठवडे सुचवते आणि ओआर भिडेखातर मान्य करते. असं करू नका. आधी प्रश्न लेखी, क्रमांक घालून पाठवा आणि उत्तरं येईपर्यंत सल्ल्याची तारीख कबूल करू नका. सल्ल्याआधी या विषयावर किमान एक बैठक व्हावीच लागते. तिचं इतिवृत्त जपून ठेवा. पण अडून बसून सल्ला दिलाच नाही, तर कंपनी पुढे जाते आणि अपिलाचा पायच निसटू शकतो.

कंपनीने सल्ल्याविरुद्ध निर्णय घेतला, तर तिला कारणं द्यावी लागतात आणि अंमलबजावणी महिनाभर थांबवावी लागते. त्याच महिन्यात आम्स्टरडॅमच्या अपील न्यायालयातल्या ओंडरनेमिंग्सकामरपुढे, म्हणजे कंपन्यांचे वाद ऐकणाऱ्या विशेष पीठापुढे, अर्ज करता येतो. तिथे तीन न्यायाधीशांबरोबर दोन बिगरन्यायाधीश जाणकार बसतात. निर्णय मागे घ्या, झालेले परिणाम उलटवा, इथपर्यंत आदेश निघू शकतो.

मात्र याहून चांगला निर्णय शक्य होता का, हे ते पाहत नाहीत. सगळ्यांचं हित तोलून हा निर्णय वाजवीपणे घेताच आला नसता का, एवढंच तपासतात. त्यामुळे आकड्यांच्या वादात ओआर सहसा हरते आणि प्रक्रियेवर जिंकते: पर्याय तपासलेच नाहीत, प्रश्नांना उत्तरं दिली नाहीत, माणसांचं काय करणार ते सांगितलं नाही, सल्ला का डावलला ते लिहिलं नाही.

म्हणून आम्हा वकिलांचं निम्मं काम सल्ल्याचं पत्र नीट बांधण्याचं. ‘आम्हाला चिंता वाटते’ हे वाक्य कोर्टात बिनकामाचं. ‘आयटी सपोर्ट बाहेर द्यायला हरकत नाही, अट अशी की बाधित १२ जणांना अंतर्गत जागांवर प्राधान्य आणि सहा महिन्यांचं प्रशिक्षण मिळावं’ हे कामाचं. त्याखाली आणखी एक ओळ हवीच: अटी न पाळल्यास हा सल्ला नकारात्मक समजावा. ती विसरली, तर कंपनी म्हणते ओआरने होकार दिला होता. नुसता होकार दिला असेल तर थांबण्याचा महिनाही मिळत नाही.

वकिलाला लोक निर्णय हातात पडल्यावर, महिन्यातले तीन आठवडे सरल्यावर शोधतात. तेव्हा फाइलमध्ये जे नाही ते निर्माण करता येत नाही. मागणीपत्र आलं त्याच आठवड्यात गाठा.

खर्च कंपनीचा. पण वकील नेमण्याआधी तिला लेखी कळवलेलं असलं पाहिजे आणि नेमणूक वाजवी गरजेची हवी. कंपनीविरुद्धचा खटला हरलात तरी कोर्टखर्चाचा बोजा ओआरवर टाकता येत नाही. कळवण्याचा ईमेल दोन ओळींचा पुरतो: विषय काय आणि अंदाजे खर्च किती. तो न पाठवता नेमलेल्या वकिलाचं बिल कंपनी नाकारते, आणि कायदा तिच्या बाजूने असतो.